पट्टी एकच, तरीही बेसूर

आपल्याकडे 'डीजे' म्हटले की मिरवणुकीतील स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. त्यामुळे एका ट्रॅकमधून दुसऱ्यात न तुटता जाणे हे सुरांचेही काम आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्यांचे जाते, त्यांच्यापैकी अनेकांना वाटते की सॉफ्टवेअरने दोन्ही ट्रॅकना 'आठ ए', म्हणजे ए मायनर, हीच पट्टीची खूण दिली आणि दोघांची लय सारखी केली, की मिश्रण जमलेच. (शेजारचा 'नऊ ए' षड्ज-पंचम नात्याने जोडलेला असतो आणि त्या दोन पट्ट्यांत सातपैकी सहा स्वर समान असतात, म्हणून तोही चालतो.) हा समज कोठे फसतो ते टेक हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकारात स्पष्ट दिसते, कारण या संगीतात चाल थोडी आणि बेस भरपूर असतो.

समजा, ए मायनरमधील एका ट्रॅकची लय मिनिटाला १२४ ठोके आहे आणि दुसऱ्याची १२८. पहिल्याला १२८वर आणण्यासाठी तबकडी सुमारे ३.२ टक्के जलद फिरवावी लागते. १९७९मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर स्लायडरने वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करता येत असे, त्यामुळे हे सहज जमते. मात्र तबकडी जलद फिरली की प्रत्येक स्वराची कंपनसंख्याही ३.२ टक्क्यांनी वाढते. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांत सुमारे सहा टक्क्यांचे अंतर असते. म्हणजे आपला ट्रॅक आता दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकतो, आणि खूण मात्र 'आठ ए' अशीच राहते.

याचा परिणाम बेसमध्ये सर्वांत जास्त जाणवतो. मूळ ट्रॅकचा बेस ५५ हर्ट्झचा असेल, तर जलद केलेला ५६.८ हर्ट्झचा होतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे १.८ वेळा त्यांच्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि तितक्याच वेळा एकमेकींना खोडतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा पुरत्या मिळालेल्या नसताना जी संथ लाट ऐकू येते, ती हीच. भौतिकशास्त्रात तिलाही 'बीट्स'च म्हणतात, हा योगायोग गोंधळात टाकणारा आहे. किकचे, म्हणजे ठेका धरणाऱ्या खर्जातल्या ड्रमचे, ठोके सेकंदाला २.१३ पडतात आणि लाट १.८ वेळा येते, त्यामुळे काही ठोक्यांखाली बेस भरदार लागतो आणि काही पोकळ वाजतात. लय अचूक जुळलेली असूनही ती अडखळल्यासारखी वाटते.

प्रचलित ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झवर ए हा सूर मिळवला की संगीत शरीराला बरे करते, असे सांगणाऱ्यांसाठी येथे एक हिशेब देण्यासारखा आहे. १२६ ठोक्यांचा ट्रॅक स्लायडरने १२३.७वर आणला की तो आपोआप ४३२चा होतो. तबकडीवाले डीजे ही जागा नकळत असंख्य वेळा ओलांडत आले आहेत, आणि त्यामुळे नाचणाऱ्यांचे आजार बरे झाल्याचे ऐकिवात नाही.

लय बदलून पट्टी कायम ठेवणाऱ्या 'की-लॉक'मागील एक महत्त्वाची कल्पना बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी १९६६मध्ये मांडली. ध्वनीचे लहान, एकमेकांवर चढणारे तुकडे करायचे, त्यांतील प्रत्येक कंपनसंख्येची कला, म्हणजे लहरीची त्या क्षणाची अवस्था, मोजायची आणि तुकडे जवळ किंवा दूर मांडताना ती पुन्हा जुळवायची. अडचण तुकड्याच्या लांबीची आहे. ५५ हर्ट्झचे एक कंपन १८ मिलिसेकंद घेते, म्हणून बेस ओळखायला तुकडा लांब लागतो. किकची धार काही मिलिसेकंदांतच संपते आणि लांब तुकड्यात ती फिसकटते. फरक तीन टक्क्यांचा असेल तर हे क्वचितच कानाला बोचते, आठ टक्क्यांना किक मऊ पडलेली कळते.

म्हणून अनेक डीजे की-लॉक असूनही दोन बेस एकत्र वाजू देत नाहीत: नवा ट्रॅक बेस कापून आत आणतात, आणि बहुधा सोळा किंवा बत्तीस ठोक्यांच्या सीमेवर एका हाताने जुन्याचा बेस उतरवून त्याच क्षणी दुसऱ्या हाताने नव्याचा चढवतात.