सिलिंडर हेड पोर्टिंग

अंतर्ज्वलन इंजिनाच्या सिलिंडर हेडमधले, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातले, हवेचे मार्ग, अर्थात हवा आत घेणारे इनटेक आणि जळका वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्ट पोर्ट, आतून कोरून, घडवून आणि प्रसंगी भरूनही इंजिनात जास्त हवा खेळवण्याच्या कामाला पोर्टिंग म्हणतात. व्हॉल्व्हच्या सीटचे (मिटलेला व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याचे) कोन बदलणे, ज्वलनकक्षाला आकार देणे आणि हेडचा तळ घासून कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पटीने दाबतो ते प्रमाण) वाढवणे ही कामेही सहसा त्याच वेळी उरकली जातात.

हे काम करायला वाव राहतो तो हेड घडवण्याच्या पद्धतीमुळे. पोर्टचा आकार ओतकामात वाळूच्या गाभ्याने येतो आणि गाभा थोडा सरकला तरी चारही पोर्ट सारखे उतरत नाहीत. सीटसाठी यंत्राने घेतलेला काप ओतीव भिंतीला जिथे भेटतो तिथे बहुधा एक धारदार कंगोरा राहतो. लाखोंनी हेड बनवणारा कारखाना तो हाताने घासत बसत नाही.

चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 50 वेळा हवा ओढतो. इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या, सुमारे 240 अंशांपर्यंत उघडा धरला, तर एका भरणीला सात मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. सिलिंडरच्या आकारमानाच्या मानाने प्रत्यक्षात किती हवा भरली ते आकारमानी कार्यक्षमतेने मोजतात. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनात ती साधारण 80 ते 90 टक्के असते. शर्यतीच्या इंजिनात मात्र हवेच्या वेगाचा आणि दाबलहरींचा नीट मेळ बसवला, की ती टर्बोशिवायही 100 टक्क्यांच्या वर जाते.

नवखा माणूस ग्राइंडर हातात आला की पोर्टचे तोंड रुंद करत सुटतो. खरा अडथळा बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला, व्हॉल्व्हच्या आगेमागे एक-दोन सेंटिमीटरमध्ये असतो. 36 मिमी व्यासाचा व्हॉल्व्ह 9 मिमी उचलला, की त्याच्या कडेभोवतीची मोकळी जागा जवळपास 1018 चौरस मिमी होते, आणि व्हॉल्व्हच्या तबकडीचे क्षेत्रफळही तेवढेच असते. याच्याआधी, कमी उचलीवर, हवेला अडवते ती सीटलगतची फट. शिवाय या कमी उचलींमधून व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी दोनदा जातो, एकदा उघडताना आणि एकदा मिटताना. म्हणून 45 अंशांच्या सीटच्या वर 30 आणि खाली 60 अंशांचा काप घेऊन हवेला टप्प्याटप्प्याने वळवणारे ‘थ्री-अँगल’ काम पूर्ण पोर्टिंगच्या मानाने स्वस्त असूनही चांगले फळ देते. निव्वळ एवढेच करून थांबणे हा कित्येक इंजिनांसाठी शहाणपणाचा निर्णय ठरतो.

दुसरी नाजूक जागा पोर्टच्या वळणाच्या आतल्या, आखूड बाजूला असते. वेगाने येणारी हवा या बाजूने वळताना भिंत सोडते, तिथे भोवरे उठतात आणि पोर्ट कागदावर कितीही मोठा असला तरी त्यातला काही भाग वाया जातो. हा भाग खाली घासला तर वळण आणखी तीव्र होते. म्हणून जाणकार इथे अगदी बेताने हात चालवतात. काही वेळा ते पोर्टचा तळ इपॉक्सीने भरून वर उचलतात.

पोर्ट गरजेपेक्षा मोठा केला की हवेचा वेग पडतो. पिस्टन खालच्या टोकाहून परत फिरल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा ठेवलेला असतो, कारण धावत्या हवेचा रेटा तेवढ्या वेळात आणखी भर घालतो. संथ हवेत हा रेटा नसतो आणि कमी फेऱ्यांवर भरलेली हवा उलट बाहेर ढकलली जाते. कार्ब्युरेटर किंवा पोर्ट इंजेक्शन (पोर्टमध्येच पेट्रोल फवारणारी रचना) असेल तर पेट्रोलचे थेंबही भिंतीवर बसतात. अशी गाडी वरच्या फेऱ्यांत ताकद दाखवते आणि रस्त्यावर रोज चालवताना मरगळलेली वाटते. इनटेक पोर्ट आरशासारखा चकचकीत करण्याची हौसही अशीच फसवी आहे. पेट्रोल ज्यातून जाते त्या पोर्टला किंचित खरखरीत पृष्ठभाग चालतो, किंबहुना बरा असतो. चकाकी शोभते ती एक्झॉस्टला, कारण तिथे काजळी कमी धरते.

प्रत्यक्ष कामात हेड सुटे करून धुतात, जोडपृष्ठाला निळा रंग लावतात आणि गॅस्केट (जोडात बसणारी पातळ चकती) ठेवून सुईने कड आखतात. ॲल्युमिनियमवर मोठ्या दातांचा कार्बाइड बर, म्हणजे ग्राइंडरला लावायचे फिरते कापणारे टोक, चालवावा लागतो. बारीक दातांत धातूचा चुरा चिकटून बसतो आणि बर कापण्याऐवजी नुसता घसटतो, म्हणून मध्येमध्ये त्याला वंगण देतात. भिंतीपलीकडे पाण्याचा मार्ग असतो. बर तिथे आरपार गेला, तर वेल्डिंगशिवाय उपाय नसतो. एक पोर्ट मनासारखा जमला की त्यात सिलिकॉन ओतून साचा काढतात आणि बाकीचे त्याच्याशी ताडून पाहतात. हल्ली असा नमुना स्कॅन करून पाच अक्षांच्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्राने सगळे पोर्ट एकसारखे कापतात.

निकाल तपासायला फ्लो बेंच असतो. बहुधा 28 इंच उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबफरकावर, व्हॉल्व्ह थोडा थोडा उचलत दर मिनिटाला किती घनफूट हवा वाहते ते त्यावर मोजतात. मात्र बेंचवरचा प्रवाह संथ आणि अखंड असतो, इंजिनातला धक्क्याधक्क्यांचा. त्यामुळे बेंचवरचा सर्वांत मोठा आकडा देणारे हेड गाडीत सर्वांत वेगवान ठरेलच असे नाही.

हवेचा प्रवाह मोजून हेड घडवण्याची शिस्त ज्यांनी रुजवली त्यांत ब्रिटनचे हॅरी वेस्लेक अग्रणी होते. 1948 मध्ये आलेल्या जग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडमागे त्यांचे काम होते. जून 1967 मध्ये बेल्जियममधल्या स्पा येथील फॉर्म्युला वन शर्यतीत डॅन गर्नी यांनी वेस्लेकचे व्ही-12 इंजिन बसवलेली ईगल गाडी जिंकवली. त्याच महिन्यात नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टला कीथ डकवर्थ यांचे कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन पहिल्याच शर्यतीत विजयी झाले. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि त्यांच्यात 32 अंशांचा अरुंद कोन ही त्या हेडची मांडणी होती.

हेडचा तळ घासताना हिशेब चोख लागतो. 500 सीसीच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वरच्या टोकाला असताना 50 सीसी जागा उरत असेल तर कॉम्प्रेशन 11:1 होते. ती जागा 2 सीसीने कमी केली तरी ते 11.4:1 च्या आसपास पोहोचते आणि नॉकिंगचा (मिश्रण अवेळी भडकून पिस्टनवर घाव बसण्याचा) धोका वाढतो. ही जागा ॲक्रिलिकची पट्टी आणि ब्युरेट (खुणा असलेली मापाची नळी) वापरून द्रवाने मोजतात.

दोन व्हॉल्व्हच्या जुन्या हेडमध्ये पोर्टिंगचा फायदा ठळक दिसतो. आधुनिक चार-व्हॉल्व्ह हेड मुळातच चांगले असल्याने तिथे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि एक्झॉस्ट न बदलता हाती फारसे लागत नाही. रस्त्यावरच्या गाडीला उत्सर्जनाचे नियमही लागू असतात. हवा वाढली की इंधनही त्या प्रमाणात वाढवावे लागते. कार्ब्युरेटरचे जेट किंवा ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) नकाशा जुनाच राहिला आणि त्यामुळे मिश्रण पातळ झाले, म्हणजे त्यात इंधन कमी पडले, तर पूर्ण भारावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळू शकतात.