दगडावर आकडा, वहीत नाव

‘पणजोबा बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाहीत.’ सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धाची आठवण या एका वाक्यात संपते. आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण टाकून शोध घेता येतो. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी तिथे आहेत. पण त्यांत आपला माणूस सापडेल का, हे बरंचसं शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेलं आहे.

१९१४ साली फ्रान्समध्ये रेडक्रॉसच्या पथकाबरोबर असलेल्या फेबियन वेअर यांनी सैनिकांच्या कबरींची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यातूनच २१ मे १९१७ रोजी हे कमिशन उभं राहिलं. तेव्हा नाव होतं ‘इम्पीरियल’. ‘कॉमनवेल्थ’ आलं ते १९६० मध्ये. नियम मोठा उदार होता: हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाची नावानिशी नोंद. कबर असेल तर तिच्यावर, नसेल तर स्मारकाच्या भिंतीवर.

फ्रान्समध्ये तो पाळला गेला. न्यूव्ह शापेलच्या भारतीय स्मारकावर (१९२७) ४,७०० हून अधिक नावं आहेत, त्यांत साधे शिपाईही आहेत. इराकमध्ये मात्र हात आखडला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कुत या गावाला तुर्की सैन्याने घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, आणि कैदेतही माणसं मरत राहिली. १९२९ मध्ये बसरा स्मारक उघडलं, तेव्हा भिंतीवर गोऱ्या शिपायापर्यंत सगळ्यांची नावं होती. भारतीयांत ती मिळाली फक्त सुभेदार-जमादारांना. हवालदारापासून खालच्यांसाठी पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतके इतर भारतीय शिपाई’ एवढाच मजकूर. युरोपात पाहणारे डोळे होते, बसऱ्यात नव्हते. मला तरी दुसरं पटण्यासारखं कारण दिसत नाही.

कमिशनने नेमलेल्या समितीने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. ४५ ते ५४ हजार मृतांची, त्यांत बहुसंख्य भारतीय आणि आफ्रिकी, नोंद असमान पद्धतीने झाली. आणखी किमान १ लाख १६ हजार जणांची तर नावानिशी नोंदच नाही, असं त्यात म्हटलं आहे.

बसऱ्याची नावं कमिशनच्या वहीत मात्र राहिली होती. १९९८ मध्ये कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर यायला लागल्या, तेव्हा हा वहीतला ऐवज कामी आला. म्हणूनच दगडावर जो नुसता आकड्यात आहे, तो संगणकावर बापाच्या नावासकट भेटू शकतो. स्मारक स्वतः १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात हलवलं गेलं, त्यामुळे तिथे जाऊन नाव शोधणं सोपं नाहीच.

शोधताना पहिली ठेच लागते ती स्पेलिंगची. लष्करी कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलं. चव्हाणांचा ‘व्ह’ कधी डब्ल्यूने, जाधवांचा ‘ध’ कधी एचशिवाय. इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचं नाव कसिनो स्मारकावर आहे. त्यांनाही इंग्रजीत कुठे घाडगे, कुठे घाटगे केलेलं दिसतं. आडनाव हट्टाने पुरं टाकण्यापेक्षा पलटण आणि साल धरून यादी चाळावी. तीही जुन्या नावाने, कारण १९२२ च्या फेररचनेत ११७ मराठा ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली.

दुसरी ठेच जिल्ह्याची. वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असा पत्ता अनेक नोंदींत असतो, पण तो त्या वेळचा. पहिल्या महायुद्धाच्या नोंदींत घाडग्यांचं माणगाव कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात शोधायचं, तासगाव साताऱ्यात. आणि सावंतवाडी संस्थान वगळलं, तर मालवण-वेंगुर्ल्याचा माणूस सिंधुदुर्गात नाही, रत्नागिरीत.