शिकवणीच्या पुस्तकात गाण्याचं नोटेशन छापायचंय? परवानगी कुणाची, कागद कोणते

सांगली-मिरजेत पेटी किंवा गिटार शिकवणाऱ्यांनी स्वतःचं नोटेशनचं पुस्तक काढणं नवीन नाही. प्रेसवाला कागदाचा भाव सांगतो, गाण्याच्या मालकाचं कुणी विचारत नाही. परवा एक सर म्हणाले, "नोटेशन मी कानाने ऐकून उतरवलंय, म्हणजे माझंच की!" तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोटेशन हा चालीचाच भाग धरलाय. मेहनत तुमची, चाल संगीतकाराची.

शब्दांचा हक्क आणखी वेगळा. दोन्हींची मुदत कर्त्याच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. 'मानापमान'ची पदं आपल्या सांगलीच्या खाडिलकरांची. ते १९४८ साली गेले, म्हणून शब्द २००९ पासून मोकळे. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते गेले १९५५ मध्ये, त्यामुळे चालींसाठी २०१६ उजाडावं लागलं. 'कट्यार'च्या अभिषेकीबुवांच्या चालींना मात्र २०५८ संपेपर्यंत परवानगी लागणारच.

वर्गात फळ्यावर लिहून शिकवायला कलम ५२ ची सूट आहे. तेच छापून विकलं की ती सूट लागू होत नाही, मग मुखपृष्ठावर 'विद्यार्थ्यांसाठी' कितीही मोठं लिहा.

राग, ताल, ठेका कुणाच्याच मालकीचे नाहीत. कॉर्डचा (एकत्र वाजवायच्या सुरांचा) साधा क्रमही सहसा अडवला जात नाही. जॅझवाल्यांनी 'आय गॉट ऱ्हिदम' या गाण्याच्या कॉर्डवर कितीतरी नव्या चाली बांधल्या त्या याच वाटेने. नुसत्या कॉर्ड शिकवायच्या असतील तर मूळ चाल छापूच नका, निम्मा पत्रव्यवहार वाचेल.

जॅझचीच गाणी हवी असतील तर अमेरिकेत १९३० पर्यंत प्रसिद्ध झालेली गाणी १ जानेवारी २०२६ पासून मोकळी झाली आहेत. पण तिथला हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका. बाकीच्या गाण्यांचे प्रकाशक आस्कॅप आणि बीएमआय या गाणं सादर करण्याचे हक्क सांभाळणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या संकेतस्थळांवर सापडतात. या संस्था छापण्याची परवानगी देत नाहीत, ती प्रकाशकाकडूनच घ्यायची. आपल्याकडेही आयपीआरएस या तशाच संस्थेचं कार्यक्रमाचं लायसन्स पुस्तकाला चालत नाही.

परवानगीला सरकारी फॉर्म नाही, साधं पत्र पुरतं. त्यात गाणं, कवी, संगीतकार, किती ओळी किंवा किती आवर्तनं, प्रती, किंमत, भाषा, ई-बुक निघणार का हे लिहा आणि नमुना पान जोडा. हक्क वारसांकडे असेल तर तो त्यांच्याकडे कसा आला याचा कागद मागून घ्या. उत्तर लेखी आणि सहीचं हवं. फोनवरचं "छापा की" उपयोगाचं नाही. मुदत आणि प्रदेशही लिहून घ्या.

तुमच्या स्वतःच्या मजकुराची नोंदणी ऐच्छिक आहे. करायचीच तर कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म १४ भरा, फी ५०० रुपये. हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. पुस्तक आधीच निघालं असेल आणि प्रकाशक दुसरा असेल, तर त्याचं ना-हरकत पत्र लागतं. ते बाइंडिंग सुरू असतानाच घेऊन ठेवा, नंतर प्रकाशक सापडत नाही.