गाडी जड आणि फोर व्हील ड्राइव्ह, मग विंटर टायर कशाला?

"इलेक्ट्रिक गाडी जड असते, वजनानेच बर्फात पकड मिळते, त्यात चारही चाकांना पॉवर, मग विंटर टायर नकोत" हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. ऐकायला पटतं, कारण वजनाने टायर खाली दाबला जातो हे खरंच आहे, पण तेच वजन थांबवायचंही असतं ना, म्हणजे जेवढी पकड वाढली तेवढाच जोरही वाढला, ब्रेकिंगला फायदा काहीच नाही. चारही चाकांची पॉवर गाडी हलवायला कामाची, थांबताना आणि वळताना सगळी भिस्त रबरावरच. आणि समर टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, स्पोर्ट्स टायरचं तर जास्तच, विंटर टायरचं मात्र थंडीतही मऊ राहतं.

टायर योग्य आहे का हे तपासायचं कसं? टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा, नुसतं एम प्लस एस (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही, त्यामागे बर्फातली टेस्ट असतेच असं नाही. मग साइझनंतरचा आकडा बघा, १०१ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८२५ किलो भार. हा लोड इंडेक्स ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलाय त्यापेक्षा कमी घेऊच नका, जड गाडीत इथेच लोक चुकतात.