घाम दिसत नाही तेव्हा

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आमच्यातला सगळ्यांत दणकट गडी एका खेजडीच्या झाडाखाली मटकन बसला. पाठीवर पंधरा किलोची सॅक घेऊन सह्याद्रीतल्या घाटवाटा चढणारा हा माणूस. डोकं ठणकतंय म्हणाला, आणि काहीही विचारलं तरी खेकसायला लागला. जैसलमेरच्या पश्चिमेला वाळूतून चार दिवस चालायचा आमचा बेत होता. मार्चचा पहिला आठवडा, पारा 35 च्या आसपास. मुंबईकराला त्याचं काय एवढं? सकाळपासून हा सगळ्यांना सांगत होता, "काय मस्त कोरडी हवा आहे, घामच नाही!" आणि घाम नाही म्हणून पाणीही जेमतेम लिटरभर प्यायला होता.

आमच्याबरोबरच्या उंटवाल्या काकांनी त्याच्या सॅकचा पट्टा खांद्यावरून उचलला. पट्ट्याखालचा टी-शर्ट ओलाचिंब होता. बाकी सगळा कोरडा, पण पट्ट्याच्या कडेकडेनं काळ्या कापडावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, ओहोटीनंतर किनाऱ्यावर राहतात तशा, एकीपुढे एक. नखानं खरवडल्यावर मीठ सुटून आलं. "भाईसा, पसीना तो यही है," काका म्हणाले.

घाम येत होताच. जिथं वारा पोचत नव्हता तिथं तो दिसत होता, आणि जिथं पोचत होता तिथं कातडीवर येताक्षणी उडून जात होता.

आपण मुंबईकर उकाडा ओलाव्यावर मोजतो. दादरच्या पुलावरून उतरेपर्यंत पाठ भिजली की म्हणतो, आज फार उकडतंय. वाळवंटात हे माप फसवतं, आणि तिथं जाणाऱ्या आपल्या लोकांना नेमका याचाच धोका सगळ्यांत जास्त आहे असं मला मनापासून वाटतं.

घाम शरीराला थंड करतो तो नुसता येऊन नाही, वाळून. एक लिटर घाम वाळताना शरीरातून साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. खोलीतल्या तापमानाचं सात लिटर पाणी उकळीला आणायला लागेल एवढी ही उष्णता. पण जो घाम नुसता टपकला, तो फुकट गेला. म्हणून तर नागपुरात कूलर सुखाचा वाटतो आणि मुंबईत तोच कूलर खोली दमट करून ठेवतो. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर नवं पाणी उडून जाणार कुठे?

हे मोजायची एक सोपी युक्ती आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्याला वारा लागू द्यायचा. पाणी उडून उडून पारा जिथं स्थिरावतो ते 'वेट बल्ब' तापमान. मे महिन्यातल्या मुंबईत 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा 28 च्या वर जातो. थरच्या वाळवंटात 42 अंश आणि 10 टक्के आर्द्रता असेल तर तो 20 च्या आसपासच राहतो. हा आकडा जितका खाली, तितका घाम जास्त गार करू शकतो. म्हणजे घामाचं यंत्र मुंबईपेक्षा तिथं कितीतरी चांगलं चालतं. फक्त त्याला पाणी लागतं, आणि ते कधी संपत आलं हे कातडी सांगत नाही.

पाणी लागतं तरी किती? सॅक घेऊन सपाटीवर चालणाऱ्या माणसाचं शरीर साधारण 400 वॅट उष्णता तयार करतं. ती बाहेर पडलीच नाही तर सत्तर किलोच्या माणसाचं तापमान दहा मिनिटांत एक अंशानं वाढेल. ही उष्णता काढायलाच तासाला सहाशे मिलीलिटर घाम खर्ची पडतो, आणि ऊन, तापलेली वाळू, गरम वारा यांची भर त्यावर. शिवाय वाळूतलं चालणं वेगळंच. बेल्जियममधल्या संशोधकांनी 1998 साली दाखवून दिलं, की मऊ वाळूत चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त, कधी 2.7 पटीपर्यंत ऊर्जा लागते. पटत नसेल तर जुहूला जाऊन लाटांजवळच्या ओल्या वाळूवर दहा मिनिटं चाला आणि मग वरच्या भुसभुशीत वाळूत दहा मिनिटं. पोटऱ्याच सांगतील.

मग तहान का लागत नाही? लागते, पण उशिरा आणि अपुरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉचेस्टर विद्यापीठाचे एडवर्ड अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर बरेच प्रयोग केले. हवं तेवढं पाणी हाताशी असूनही माणसं गमावलेल्यापेक्षा कमीच पाणी पितात, आणि राहिलेली तूट बरीचशी जेवताना भरून काढतात, असं त्यांना दिसलं. पाणी 'पुरवून' पिण्यानं घाम कमी होत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. बाटलीत राखून ठेवलेलं पाणी शरीराच्या काहीच उपयोगाचं नसतं. आमच्या गड्यानं सकाळपासून जेवायलाही नको म्हटलं होतं, त्यामुळे तूट भरायची ती संधीही हुकली.

त्याला सावलीत आडवं केलं, बूट काढले, आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी थोडं थोडं देत राहिलो. एका दमात दोन लिटर साधं पाणी दिलं नाही, यालाही कारण आहे. घामाबरोबर सोडियम जातं. वर नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि त्याची लक्षणंही तीच, डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण. उष्माघात समजून आणखी पाणी पाजलं तर जिवावर बेतू शकतं. कैरीचं पन्हं करताना आपल्या आज्या चिमूटभर मीठ टाकायच्या, ते नुसतं चवीपुरतं नसायचं. तो तासाभरात माणसात आला. आला नसता, बरळायला लागला असता, तर मात्र क्षणभरही न थांबता अंग ओलं करून, वारा घालून, त्याला दवाखान्यात हलवावं लागलं असतं.

कपड्यांबद्दल थोडंसं. अंग उघडं टाकलं की गार वाटेल हा समज तिथं सोडावा. सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे ऊन कातडीपर्यंत येऊ देत नाहीत आणि आत हवा खेळती ठेवतात. सिनाई वाळवंटातले बेदुइन, म्हणजे भटके अरब, काळे झगे का घालतात, हा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी 1980 साली तपासून पाहिला. काळं कापड जास्त तापतं खरं, पण झगा सैल असल्यानं ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आत वाऱ्याबरोबर निघून जाते.

आणि वादळ. 1994 साली मोरोक्कोतल्या वाळवंटी शर्यतीत माउरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात थांबायचं सोडून पुढे जात राहिला. वादळ ओसरलं तेव्हा वाट हरवलेली होती. नऊ दिवसांनी तो सापडला तो थेट अल्जीरियात. आंधी आली की उंट बसवायचा, वाऱ्याकडे पाठ करायची, नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं आणि जागचं हलायचं नाही, एवढंच काकांनी आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

रात्री उलटाच प्रकार. मुंबईत समुद्र आणि हवेतलं बाष्प रात्रीवर गोधडी पांघरून ठेवतात, म्हणून मेमध्ये दिवस आणि रात्रीच्या तापमानात सहा-सात अंशांचाच फरक असतो. थरवर ही गोधडीच नाही. वाळूतली उष्णता सरळ उघड्या आकाशात निघून जाते. दुपारी सावली शोधणारे आम्ही पहाटे स्वेटर घालून, गुडघे पोटाशी घेऊन चहाची वाट बघत होतो.

परत आल्यावर त्या गड्यानं एका रविवारी दुपारी एक साधा प्रयोग केला. घरी कोरड्या अंगानं वजन केलं, ट्रेकवरची तीच सॅक घेऊन जुहूच्या कोरड्या वाळूत तासभर चालला, अंग पुसून पुन्हा वजन केलं. त्या तासात पाण्याचा घोटही घेतला नव्हता. वजन 900 ग्रॅमनं कमी भरलं, म्हणजे जवळजवळ तेवढाच घाम. आता त्याच्या बाटल्यांवर मार्करनं आडव्या रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेपुढे वेळ लिहिलेली आहे, किती वाजेपर्यंत पाणी कुठवर उतरलेलं असायला हवं त्याची.