दोन तोंडांच्या इंजिनाला एक सायलेन्सर पुरत नाही

छंदाच्या छोट्या, रेडिओवर उडणाऱ्या विमानाचं इंजिन. जुनं, दोन सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक. सोबत सायलेन्सर मात्र एकच मिळाला होता. म्हटलं, निम्मा तरी आवाज कमी होईल. डाव्या सिलिंडरला तो बसवला, उजव्याची नळी उघडीच ठेवली आणि बाकावर इंजिन सुरू केलं. फरक शेजारच्या कुत्र्यालाही जाणवला नाही.

चूक हिशेबाची होती. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि ती पट्टी सरळ बेरजेची नाही. सारख्याच जोराचे दोन आवाज असतील आणि त्यातला एक पूर्ण बंद केला, तर आकडा उतरतो फक्त 3 डेसिबलने. कानाला 'निम्मा झाला' असं वाटायला साधारण 10 डेसिबल कमी व्हावे लागतात. थोडक्यात, एक तोंड कितीही घट्ट दाबलं तरी दुसरं बोंबलतंच राहतं.



रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानांत आधी टू-स्ट्रोक इंजिनांचंच राज्य होतं. 1976 मध्ये जपानच्या ओ. एस. कंपनीने 10 सीसीचं एफएस-60 आणलं आणि फोर-स्ट्रोक छंदींच्या हातात पोचलं. पुढे त्याच कंपनीचं जेमिनी 120 आलं: समोरासमोर आडवे दोन सिलिंडर, मिळून सुमारे 20 सीसी. या जातीत दोन्ही दट्टे (पिस्टन) एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, पण ठिणगी आळीपाळीने पडते. खरं तर ठिणगी हा शब्द सवयीचा. मिथेनॉल पेटवते ती ग्लो प्लगची तापलेली तार.

मिनिटाला 9000 फेरे म्हणजे सेकंदाला 150. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून एका नळीतून सेकंदाला 75 भपके निघतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. फुगा फुटावा तसा तो बाहेर पडतो, आणि आवाज होतो तो या फुटण्याचा.

सायलेन्सरच्या डब्याचं काम गच्चीवरच्या टाकीसारखं आहे. पंप धक्क्याधक्क्याने पाणी चढवतो, नळाला मात्र एकसारखी धार येते. इथे डबा म्हणजे टाकी आणि शेपटीची बारीक नळी म्हणजे नळ. समजा डबा 150 सीसीचा आहे, शेपटी 8 मिलिमीटर आतल्या व्यासाची आणि 5 सेंटिमीटर लांब. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 500 मीटरच्या आसपास धरला, तर या जोडीचा स्वतःचा सूर येतो सुमारे 200 हर्ट्झ. त्याच्या बऱ्याच वरचे सूर डबा अडवतो, खालचे जवळपास तसेच सोडतो. म्हणून चांगला सायलेन्सर लावलेलं इंजिन गप्प होत नाही; त्याचा चिरकेपणा जातो आणि धपधप उरते. ती धपधप आपल्याला फारशी खुपत नाही, कारण खालच्या सुरांना कान मंद असतो. कानासारखं मोजणारी 'ए' पट्टी 80 हर्ट्झच्या आवाजातून 22 डेसिबल वजाच करते. ब्रिटनमध्ये 1982 च्या आचारसंहितेने मॉडेल विमानांसाठी 7 मीटरवर 82 डेसिबलची मर्यादा घातली, तीही याच पट्टीवर.

मग दोन डबे लावायचे की दोन्ही नळ्या एकाच डब्यात सोडायच्या? ठिणग्या आळीपाळीने आणि समान अंतराने पडत असतील तर एक सामाईक डबा फायद्याचा. डाव्याचा भपका येतो तेव्हा उजवा गप्प असतो, त्यामुळे प्रत्येकाला अख्खी जागा मिळते. अडचण आहे ती नळ्यांची. एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही सारख्या लांबीच्या, आणि नाकाच्या टोपणाखालून वळवत न्यायच्या.

दोन वेगळे डबे लावले तर ते जुळे हवेत, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. कार्ब्युरेटर एकच, त्यातली इंधन कमीजास्त करणारी सुईही एकच. एका बाजूची शेपटी अरुंद असली की तिकडचा जळका वायू पुरता बाहेर पडत नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे असतात, तेव्हा तो मागे सरकून ताज्या मिश्रणात मिसळतो. तो सिलिंडर कमी श्वास घेतो, थंड पडतो, आणि मंद गतीला त्याचा ग्लो प्लग विझतो. सुई फिरवून हे सुटत नाही; एकाला बरं केलं की दुसरा बिघडतो.

बसवताना कसोटी लागते आट्यांची. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून थंड इंजिनावर करकचून आवळलेला नट पहिल्याच उड्डाणात ढिला होतो. इंजिन पाचेक मिनिटं चालवायचं, बंद करायचं आणि गरम असतानाच पुन्हा पाना लावायचा. हात भाजतो, इलाज नाही. नळीला जोड द्यायचा असेल तर साधं डाग देणं चालत नाही. कथील-शिशाचा डाग 190 अंशांच्या आसपासच पातळ होतो. तिथे चांदीच्या मिश्रधातूचाच जोड हवा. इंधनात वंगणासाठी घातलेलं एरंडेल बरंचसं न जळता बाहेर पडतं, त्यामुळे शेपटीचं तोंड डब्याच्या तळाशी ठेवलेलं बरं. नाहीतर विमान नाकावर उभं केलं की तपकिरी चिकट तेल उलटं सिलिंडरकडे जातं.

दुसरा जुळा डबा मिळाला तेव्हा पुन्हा बाकावर इंजिन लावलं. आवाज उतरला, आणि आजवर न ऐकलेली गोष्ट ऐकू आली: पंखा. 16 इंची पंख्याचं टोक 9000 फेऱ्यांना सेकंदाला 190 मीटर वेगाने हवा कापत होतं. आता सायलेन्सरमध्ये कितीही कारागिरी केली तरी आकडा हलणार नव्हता. जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त पुढे सरकणारा पंखा लावला, फेरे 8000 वर आले, टोकाचा वेग 170 वर, आणि मग कुठे झडपांची टिकटिक ऐकू यायला लागली.