परसातील मधमाशीपालन आणि उन्हाळी फळे

घरामागच्या परसात, वाडीत किंवा बागेच्या कडेला मधमाश्यांच्या एक-दोन लाकडी पेट्या ठेवून घरापुरता मध मिळवणे आणि त्याच माश्यांकडून आसपासच्या फळझाडांचे व वेलींचे परागण करून घेणे, याला परसातील मधमाशीपालन म्हणतात. व्यापारी मधमाशीपालनात शंभर-दोनशे पेट्या फुलोऱ्यामागे गावोगाव फिरवल्या जातात. परसातील पेटी मात्र बहुधा एकाच जागी राहते आणि तिचे सारे अर्थकारण पाऊण-एक किलोमीटरच्या परिघात जे फुलते त्यावर चालते. महाराष्ट्रात ही पद्धत महाबळेश्वर–जावळीचा घाटमाथा, कोल्हापूरचा भुदरगड परिसर आणि कोकण येथे चांगली रुजली आहे. महाबळेश्वर येथे महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, तर पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले, आणि त्यानंतर भुदरगड तालुक्यातील पाटगावातही ही योजना राबवली गेली.

महाराष्ट्रात मध देणाऱ्या माश्यांमध्ये आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली पोया या देशी जाती, तसेच बाहेरून आणलेली युरोपीय मेलिफेरा यांचा समावेश होतो. आग्या माशी उंच झाडावर किंवा कड्यावर उघड्यावर एकच मोठे पोळे लावते, ती पेटीत राहत नाही आणि चिडली की दूरवर पाठलाग करते. फुलोरी झुडपात तळहाताएवढे पोळे बांधते व थोड्याशा त्रासानेही जागा सोडून जाते. पोयाचा मध औषधी म्हणून नावाजलेला असला, तरी तो अगदी थोडा मिळतो. मेलिफेरा भरपूर मध देते, परंतु तिला सतत मोठा फुलोरा लागतो, आणि पावसाळ्यात व फुलोरा नसलेल्या काळात तिला साखरेच्या पाकावर जगवावे लागते. म्हणून सूर्यफूल, डाळिंब, कांदा बीजोत्पादन अशा सलग पिकांत फिरणाऱ्या व्यावसायिकालाच ती परवडते. परसासाठी सातेरी हीच योग्य माशी आहे. ती मूळची याच डोंगरांतली असल्याने येथील पाऊस, येथील झाडे आणि येथील शत्रू यांची तिला सवय असते. झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत किंवा रिकाम्या वारुळात ती एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधते, आणि अंधाऱ्या बंद जागेत राहण्याच्या याच स्वभावामुळे ती पेटीतही नांदते. वर्षाला एका पेटीतून साधारणपणे पाच ते दहा किलो मध मिळतो. मेलिफेराच्या मानाने हा आकडा लहान वाटला, तरी चार-पाच माणसांच्या घराला तो पुरून उरतो.

आधुनिक पेटीचा पाया १८५१ साली लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या अमेरिकी धर्मोपदेशकाने हेरलेल्या एका गोष्टीवर उभा आहे. दोन पोळ्यांमध्ये माशीला ये-जा करण्यापुरतीच जागा ठेवली, तर ती जागा माश्या मेणाने किंवा डिंकाने बुजवत नाहीत. त्यामुळे प्रत्येक पोळे स्वतंत्र चौकटीत बांधून घेता येते आणि ते न मोडता बाहेर काढता येते. भारतीय माशी आकाराने लहान असल्याने तिच्यासाठी या मापांत बदल करावा लागला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी अशी लहान पेटी तयार केली आणि तिचा मोठा प्रसार झाला. आज वापरात असलेल्या सातेरी पेटीत खाली तळपाट, त्यावर आठ ते दहा चौकटींची पिल्लांची खोली, तिच्यावर कमी उंचीची मधकोठी, आतले झाकण आणि पत्रा ठोकलेले वरचे झाकण असे भाग असतात. राणी खालच्या खोलीत अंडी घालते, आणि फुलोरा भरात आला की कामकरी माश्या वरच्या कोठीत मध साठवतात. पेटी लोखंडी किंवा लाकडी घोडीवर ठेवून घोडीचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे करतात. मुंग्यांना अडवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही, मात्र वैशाखातल्या उन्हात त्या वाट्या दोन-तीन दिवसांत कोरड्या पडतात आणि एका रात्रीत मुंग्या वसाहत पोखरतात, याचे भान ठेवावे लागते.

पेटीत वसाहत आणण्याच्या दोन रीती आहेत. प्रशिक्षित मधपाळाकडून भरलेली पेटी विकत घेता येते, किंवा रानातील सातेरीचे मोहोळ पेटीत भरता येते. दुसऱ्या कामाला कसब लागते. संध्याकाळी ढोलीच्या तोंडाशी हलका धूर देऊन माश्या एका बाजूला सरकवतात, पोळी एकेक करून धारदार सुरीने कापून काढतात, मधाचा भाग वेगळा करून अंडी व अळ्या असलेला भाग रिकाम्या चौकटीत बसवतात आणि केळीच्या वाळलेल्या सोपाने बांधतात. सुतळीऐवजी सोप वापरण्याचे कारण असे की, माश्या दोन-चार दिवसांत पोळे चौकटीला मेणाने चिकटवून टाकतात आणि मग सोप कुरतडून स्वतःच बाहेर फेकतात. राणी सापडून पेटीत गेली की उरलेल्या माश्या तिच्या वासामागे आपण होऊन आत शिरतात. ती निसटली, तर सारा खटाटोप वाया जातो. मोहोळ संपूर्ण पिळून काढण्याची जुनी रीत यापेक्षा सोपी होती, पण तिच्यात अळ्या मरत, वसाहत उजाड होई आणि मधात पिल्लांचा रस मिसळल्याने तो लवकर आंबे.

पेटीची जागा निवडताना सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली दोन्ही मिळतील असे पाहतात. पेटीचे दार बहुधा पूर्वेला ठेवतात, आणि दारासमोरून पायवाट, विहिरीची वाट किंवा गोठ्याकडे जाणारा रस्ता येणार नाही याची काळजी घेतात, कारण माश्यांच्या उड्डाणाच्या रेषेत उभे राहणाऱ्याला डंख बसण्याचा संभव अधिक असतो. जवळ उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवून त्यात दगड किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे टाकावेत, म्हणजे माश्या त्यावर बसून पाणी पितात व बुडत नाहीत. उन्हाळ्यात हे पाणी त्या पिण्यासाठीच नव्हे, तर पेटी गार ठेवण्यासाठीही नेतात: पाण्याचे थेंब पोळ्यावर पसरून काही माश्या दाराशी पंखांनी वारा घालत राहतात. मेणपतंग, गांधीलमाशी, सरडे आणि वेडा राघू हे पेटीचे नेहमीचे शत्रू. त्यांपैकी मेणपतंगाचा उपद्रव सर्वांत जास्त होतो, आणि तो तळपाटावर साचलेल्या मेणाच्या भुग्यातून सुरू होत असल्याने दर आठ-दहा दिवसांनी तळपाट झाडून काढणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे.

पेटीचे वर्ष पावसाळा संपल्यावर सुरू होते. कार्तिकापासून वसाहत वाढू लागते, माघ-फाल्गुनात ती भरते, आणि याच सुमारास नव्या राणीची कोठी बांधून वसाहत दुभंगण्याच्या बेतात असते. मधपाळाने तेव्हाच तिचे विभाजन करून दुसरी पेटी भरली नाही, तर निम्म्या माश्या जुन्या राणीसह उडून जातात. मार्च-एप्रिलमध्ये घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांचा फुलोरा येतो आणि मधाचा मुख्य हंगाम हाच असतो. जांभळाचा मध गडद असून त्याच्या गोडीमागे किंचित कडवट चव राहते; ज्यांना ती एकदा आवडली त्यांना इतर मध सपक वाटतात. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा सामुदायिकपणे फुलते, आणि त्या वर्षी मधाची बातच वेगळी असते. कोकणातल्या परसात नारळाच्या पोयींवर वर्षभर पराग मिळतो, शिवाय शेवगा, पेरू, लिंबू, कढीपत्ता आणि तुळस यांवर माश्यांची वर्दळ असते.

मधाच्या चौकटीतील तीन चतुर्थांशाहून अधिक कोठ्या माश्यांनी मेणाने बंद केल्या, म्हणजे तो मध पक्व समजावा. मकरंदातील पाणी माश्यांनी पंखांच्या वाऱ्याने पुरेसे उडवले आहे, याची ती खूण होय. कोमट पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने मेणाचे झाकण कापून चौकट हाताने फिरवण्याच्या मधयंत्रात ठेवतात. यंत्राचा दांडा सुरुवातीला हळू फिरवावा, नाहीतर ताजे पोळे मधाच्या भारानेच फाटते. रिकामे पोळे परत पेटीत गेले की माश्यांचे ते बांधण्याचे श्रम वाचतात, आणि तितकाच अधिक मध हाती येतो. घाईने काढलेल्या अपक्व मधात पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक राहते व तो बरणीत फसफसतो. मध थिजून रवाळ होणे हा मात्र भेसळीचा पुरावा नाही. ज्या मधात ग्लुकोजचे प्रमाण अधिक असते तो नैसर्गिकपणेच रवाळ होतो आणि बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो.

माशी आणि फळ यांचा संबंध महाबळेश्वर–पाचगणीच्या स्ट्रॉबेरीत सर्वांत स्पष्ट दिसतो. स्ट्रॉबेरीच्या लाल गरावर दिसणारा प्रत्येक बारीक पिवळसर दाणा हे वनस्पतिशास्त्रीय दृष्टीने स्वतंत्र फळ असते, आणि फुलात त्या प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र स्त्रीकेसर असते. परागकण तेथे पोहोचून बी धरले, म्हणजे त्यातून निघणाऱ्या संप्रेरकामुळे भोवतालचा गर फुगतो. जेथे पराग पोहोचला नाही, तो भाग खुरटा राहतो आणि फळ वाकडे होते. माशी मकरंद शोधत फुलात गोल फिरते, तेव्हा ती नकळत सगळ्या दाण्यांना पराग लावून जाते. कलिंगड, खरबूज आणि काकडी यांच्या वेलींवर नरफुले व मादीफुले वेगळी असतात, फूल एकच दिवस टिकते आणि परागकण चिकट असल्याने वाऱ्यावर उडत नाही. म्हणून तेथे माशीवाचून फळ धरत नाही. याउलट आंब्याच्या मोहोरावर इतर माश्या व कीटकांचाच वावर अधिक असतो, केळीला परागणाची गरजच नसते. त्यामुळे पेटी ठेवली की परसातले प्रत्येक झाड लगडेल, असा प्रचार करणे योग्य नाही. मात्र आंब्याच्या मोहोरावर भर सकाळी कीटकनाशक फवारले, तर शेजारच्या परसातील पेटी एका दिवसात रिकामी होऊ शकते. फवारणी अपरिहार्यच असेल, तर ती माश्या परतल्यावर सायंकाळी करावी आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे त्याला पेटीचे दार बंद ठेवता येते.

मधाचा मुख्य हंगाम आणि फळांचा हंगाम एकाच वेळी येत असल्याने दोन्ही एकत्र खाण्याची संधी मिळते. पिकलेला हापूस किंवा पायरी स्वतःच इतकी गोड असते की त्यावर मध घातल्यास दोन्ही चवी हरवतात. मधाला आंबटपणाची जोड हवी असते. उशिराच्या स्ट्रॉबेरीचे उभे काप करून त्यांवर चमचाभर मध घातला, तर मधातील साखर फळातील रस ओढून घेते आणि दहा-पंधरा मिनिटांत वाटीच्या तळाशी गुलाबी पाक जमतो. साईच्या दह्याबरोबर किंवा चक्क्याबरोबर तो विशेष चांगला लागतो. पिकलेली करवंदे मिठाच्या पाण्यात धुऊन, चीक काढून, बिया वेगळ्या करून मधात कालवली, तर त्यांचा तुरटपणा मवाळ होतो. उकडलेल्या कैरीचे पन्हे पूर्ण गार झाल्यावर त्यात गुळाऐवजी मध घालता येतो. गरम गरात तो घालू नये, कारण उष्णतेने मधाचा सुवास उडून जातो, आणि आयुर्वेदातही मध तापवून घेण्याचा निषेध आहे. कलिंगडाच्या फोडींवर लिंबाचा रस व मध चालतो, पण तो अगदी वाढताना घालावा, नाहीतर फोडी लिबलिबीत होतात. जांभळाच्या झाडाचा मध एप्रिलमध्ये निघतो आणि त्याच झाडाची फळे पहिल्या पावसाच्या सुमारास पिकतात. त्या मधाची बरणी दोन महिने राखून ठेवून जांभळांबरोबर खाणाऱ्याला एकच झाड दोन रूपांत चाखता येते. पंचामृतात दूध, दही, तूप व साखर यांबरोबर मध असतो, आणि लग्नात वराला दिल्या जाणाऱ्या मधुपर्कातही दही व मध असतात, म्हणून अनेक घरांत परसातील पहिला मध देवघरासाठी वेगळा काढला जातो.

पेटीजवळ वावरताना काही पथ्ये पाळावी लागतात. डंख मारताना माशी सोडत असलेल्या धोक्याच्या गंधद्रव्याचा वास पिकल्या केळ्याच्या वासाशी जुळतो, म्हणून केळे खात पेटी उघडू नये. कामकरी माशीचा डंख विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो. तो नखाने खरवडून तत्काळ काढावा. डंखानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास घेणे अवघड झाले, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात चाटवू नये, कारण मधात काही वेळा असणारे, बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा घडवणाऱ्या जंतूंचे बीजाणू त्याच्या आतड्यात वाढू शकतात. नवजात बाळाला मध चाटवण्याची घराघरांतली प्रथा या कारणासाठी सोडून द्यायला हवी. मधुमेही व्यक्तीसाठीही मध ही साखरच होय.

मे महिना सरत आला की मध काढणे थांबवतात. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कित्येक दिवस माश्यांना बाहेर पडताच येत नाही, म्हणून पिल्लांच्या खोलीतील मधाला हात न लावता तो माश्यांसाठी राखून ठेवतात. साठा अपुरा असेल तर साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक उघडिपीच्या संध्याकाळी पेटीच्या आत ठेवतात. तो पेटीबाहेर सांडला, तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटीला येतात. घरच्या मधाची बरणी काचेची, कोरडी आणि घट्ट झाकणाची असावी, कारण पावसाळी हवेतील दमटपणा मध शोषून घेतो. त्याच कारणाने तिच्यात ओला चमचा कधीही घालू नये.